‘गिरवा म्हणजे येईल’ या मताचा परामर्श

तीन-चार वर्षांच्या मुलाला अक्षरे कशी शिकवावीत, याविषयी आपल्याकडे एक मत इतके रुजले आहे की ते केवळ एक मत आहे, याचाच विसर पडला आहे. बालवर्गाच्या वहीत ठिपक्याठिपक्यांचा ‘अ’ छापलेला असतो. मुलाने त्यावरून पेन्सिल फिरवायची, पान भरले की ‘आ’ घ्यायचा, मग ‘इ’, आणि वर्ष सरता सरता ‘ज्ञ’ गाठायचा. ही वही जिथे भरते ती बालवाडी चांगली. जिथे मुले मातीची अक्षरे वळतात, ताटातल्या रव्यात बोट फिरवतात, अंगणात आखलेल्या अक्षरांवर उड्या मारतात, ती बालवाडी ‘नुसती खेळवते’. हे मत मला मान्य नाही. परंतु खंडनापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे.

पूर्वपक्षाचे म्हणणे असे. आपली वर्णमाला कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ अशा उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. इतका शास्त्रशुद्ध क्रम हाताशी असताना तो मोडायचा कशाला? शिवाय आपले वाडवडील पाटीवर गिरवूनच शिकले आणि मोत्यासारखे अक्षर काढू लागले. लेखन ही हाताची सवय आहे आणि सवय सरावानेच लागते. खेळात मूल रमते खरे, पण रमण्यातच वेळ जातो आणि अक्षर राहून जाते. शेवटचे कारण सहसा कोणी उघड बोलत नाही, पण पालकांच्या मनात तेच सर्वांत आधी असते: शेजारचे मूल पुढे निघून जाते.

यातले एकही कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. म्हणूनच प्रत्येकाची झडती घेऊ.

क्रमापासून सुरुवात करतो. वर्णमालेचा क्रम शास्त्रीय आहे, हे निर्विवाद. पण तो उच्चारांच्या वर्गीकरणाचा क्रम आहे. चार वर्षांच्या मुलाला वाचते करण्यासाठी तो लावला गेला, याला आधार काय? पाणिनीय परंपरेतली चौदा माहेश्वर सूत्रे पाहा. तिथे व्यंजनांच्या आरंभी ‘ह य व र’ येतात आणि ‘क’, ‘प’ पार शेवटाकडे जातात. व्याकरणाची सोय साधायची होती, म्हणून वर्णांची मांडणी बदलली. तेवढ्याने वर्णमालेचा अवमान झाला काय? हेतू बदलला की क्रम बदलतो. बालवाडीचा हेतू मुलाच्या हाती शक्य तितक्या लवकर शब्द यावा हा आहे.

आता वाचकांनीच पडताळा घ्यावा. समजा, आरंभी ‘क ख ग घ ङ’ ही पाच अक्षरे शिकवली. काना-मात्रा न लावता यांतून मुलाच्या तोंडचे किती शब्द निघतात? ‘खग’ निघतो; पण कोणते मूल कावळ्याला खग म्हणते? ‘ङ’ने तर मराठीत शब्दच सुरू होत नाही. त्याऐवजी ‘ग म भ न’ घ्या. मग, मन, नभ, गगन असे शब्द तत्काळ हाती येतात, आणि ‘मग?’ हा तर त्या वयाचा सर्वांत लाडका प्रश्न. शिवाय चारही अक्षरांना उजवीकडे उभा दांडा आहे, त्यामुळे एकाला वळलेला हात दुसऱ्याला उपयोगी पडतो. मराठी शिक्षकांनी फार पूर्वीच ओळखलेली ही गोष्ट आहे. परंपरेच्या नावाने वर्णमालेचा क्रम पुढे करणाऱ्यांनी ‘ग म भ न’ ही परंपरा कोणाची, याचे उत्तर द्यावे.

वाडवडिलांचा दाखलाही तपासू. पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर बसे. फळीवर बारीक धूळ पसरायची, त्यात बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे, हात फिरवून पुसायचे, पुन्हा काढायचे. केरळात विजयादशमीला विद्यारंभ करताना आजही मुलाचे बोट धरून तांदळात अक्षर काढतात. पंतोजी कित्ता घालून देत आणि मूल त्यावर गिरवी, हेही खरेच. ते मी लपवणार नाही. पण तो परंपरेचा एक तुकडा झाला. ठिपक्यांच्या छापील वहीने तेवढाच उचलला आणि धूळ झटकून टाकली. रव्याचे ताट हे धूळपाटीचेच आजचे रूप आहे. मग परंपरा मोडली कोणी?

राहिला ‘शिकले की सगळे’ हा युक्तिवाद. १९५१च्या जनगणनेत भारताची साक्षरता १८.३३ टक्के होती. त्याला गिरवण्याची पद्धत जबाबदार होती असे मी म्हणत नाही. शाळाच नव्हत्या, आणि होत्या तिथे अनेकांना दार बंद होते. पण जे शाळेत टिकले, फक्त त्यांच्याच आठवणींवरून पद्धतीला यशाचे प्रमाणपत्र देता येत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

आता खरा वाद, सरावाचा. सराव हवा, हे मला शंभर टक्के मान्य आहे. प्रश्न आहे, सराव कशाचा? इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी काही अक्षरे स्वतःच्या हाताने काढायला दिली, काही कळफलकावर टंकायला दिली आणि काही ठिपक्यांवरून गिरवायला दिली. नंतर तीच अक्षरे दाखवून मुलांच्या मेंदूची प्रतिमा घेतली. वाचताना मेंदूतले जे भाग कामाला लागतात, ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले. टंकलेल्या आणि गिरवलेल्या अक्षरांच्या वेळी झाले नाहीत. प्रयोग लहान होता आणि लिपी रोमन होती, हे खरे. पण त्यामागचे कारण देवनागरीलाही लागू पडते. ठिपक्यांवरून जाताना हाताला काहीच ठरवावे लागत नाही: कुठून निघायचे, कुठे वळायचे, कुठे थांबायचे हे सारे छापणाऱ्याने ठरवून ठेवलेले असते. कोऱ्या जागेत ‘क’ काढताना मूल हे निर्णय स्वतः घेते. त्याचे दहा ‘क’ दहा तऱ्हांचे होतात, आणि एवढे वेगवेगळे असूनही हे सगळे ‘क’च, हे त्यातून कळते. वहीतला सुबक ‘क’ पालकांना सुखावतो. मुलाला शिकवतो तो वाकडा.

स्पर्शाविषयीही पुरावा आहे. फ्रान्समध्ये फ्लोरेन्स बारा, एदुआर जाँताझ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली बालवर्गातल्या मुलांचे गट करून एका गटाला अक्षरे केवळ डोळ्यांनी पाहून आणि दुसऱ्याला उठावाच्या अक्षरांवर बोटे फिरवून शिकवली. ध्वनींचा सराव सर्वांना सारखाच होता. नवे, अर्थहीन शब्द जुळवून वाचण्यात हाताने शिकलेली मुले सरस ठरली. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह उघडले, तिथे काचपेपरची अक्षरे मुलांच्या हाती दिली होती. ती कल्पना जवळजवळ शतकभराने प्रयोगाच्या कसोटीला उतरली.

यावर ‘ही श्रीमंतांची साधने’ असा टोला येतो. तो मारणाऱ्यांनी कोसबाड आठवावे. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांवर गेले. शिंपले, बिया, खडे, पाने, माती ही तिथली शैक्षणिक साधने होती. चिंचोक्यांनी ‘ग’ मांडायला किती खर्च येतो?

परंतु पूर्वपक्षाचा एक आक्षेप मी डोके झुकवून स्वीकारतो. खेळात अक्षर हरवते. होय, हरवते! छापील ‘क’च्या पोटात अर्धा तास कापूस चिकटवणारे मूल चिकटवायला शिकते, ‘क’ शिकत नाही. भिंतीवर लावायला आणि पालकांना फोटो पाठवायला असे काम फार सोयीचे. त्याचा बचाव मी करणार नाही. तीन-चार वर्षांच्या मनगटाचा एक्स-रे दाखवून ‘हाडेच तयार नाहीत, लिहायला लावू नका’ म्हणणाऱ्यांचा दाखलाही मी घेणार नाही. कोवळ्या कूर्चेचे मनगट मातीत रेघा ओढतेच की.

खेळ अक्षराचा आहे की नुसता खेळ आहे, हे ओळखता येते. हात अक्षराच्या वळणाने फिरला पाहिजे, त्याच क्षणी तोंडून त्याचा ध्वनी निघाला पाहिजे आणि लगेच ते अक्षर मुलाच्या ओळखीच्या शब्दात दिसले पाहिजे. ताटातल्या रव्यात ‘म’ काढताना मूल ‘म’ म्हणते आणि मग मका, मनी, मावशी हुडकते. सुतळी ओली करून तिचा ‘ळ’ वळवते. ‘ळ’ने शब्द सुरू होत नसल्यामुळे तो बाळ, नळ, केळे यांत कानाने शोधते. अंगणात खडूने सहा घरे आखून त्यांत अक्षरे लिहिली आणि बाईंनी ‘ब’ पुकारला की लंगडी घालत तिकडे जायचे, यात कान, डोळा आणि पाय एकाच अक्षरावर येतात.

देवनागरीची खरी कसोटी मात्रांची. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘क का कि की’ घोकणाऱ्या मुलाला हे कोडे आहे असे कळतही नाही. ते ‘कि’ एक अखंड चित्र म्हणून पाठ करते आणि ‘पि’ समोर आला की अडते. पुठ्ठ्याची एकच वेलांटी कापून ती मुलाच्या हातात द्या. ती ‘क’च्या आधी ठेवली की ‘कि’, उचलून ‘प’च्या आधी ठेवली की ‘पि’. खूण तीच, बदल तोच. हा नियम दहा पाने गिरवून सापडत नाही, हाताने वेलांटी हलवली की सापडतो.

शेवटी शर्यत. कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवले की तिथल्या लिपीतली सगळी अक्षरे आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेतली कित्येक वर्षे जातात. आपली बाराखडी आणि जोडाक्षरे त्याच घराण्यातली. मग चौथ्या वर्षी ‘ज्ञ’ गाठून कोणाला मागे टाकले? न्यूझीलंडमधल्या २०१३च्या अभ्यासात पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुले अकराव्या वर्षापर्यंत बरोबरीला आली होती. प्रवेशाची भीती असेल, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने प्रवेशासाठी मुलाची परीक्षा आणि पालकांची मुलाखत दोन्हींना मनाई केली आहे.

दोन्ही पक्ष वाचकांपुढे आहेत. निवाडा त्यांनी करावा. विनंती एवढीच, की बालवाडी पाहायला जाल तेव्हा बाईंकडे भरलेली वही मागू नका. एखाद्या मुलाला रव्याचे ताट द्या, त्याच्या मनातले अक्षर काढायला सांगा, आणि त्या अक्षराचा शब्द विचारा.