हवामानबदल व एचआयव्ही (परभणी जिल्हा)

दुष्काळ, अतिवृष्टी व उष्णतेच्या लाटा यांचा परभणी जिल्ह्यातील एचआयव्ही प्रसाराशी व उपचाराशी येणारा संबंध. हवामान विषाणूवर थेट काही करीत नाही. परिणाम होतो तो स्थलांतर, कुपोषण व औषधांतील खंड यांच्या वाटेने.

पर्जन्य : नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्याची (लोकसंख्या १८,३६,०८६, २०११) शेती बरीचशी कोरडवाहू, कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही मुख्य पिके. १९७२ च्या दुष्काळानंतर २०१२–१३, २०१४ ते २०१६ व २०१८–१९ हे टंचाईचे काळ ठळक होत. उलट सप्टेंबर २०२४ च्या आरंभी अतिवृष्टीने शेते खरडून निघाली. पीक गेले की ऊसतोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या उचलीला (आगाऊ रकमेला) नकार देणे अवघड होते.

प्रसार : आफ्रिकेतील १९ देशांच्या माहितीवर आधारित बर्क, गाँग व जोन्स यांच्या अभ्यासात (२०१५) एचआयव्हीचे प्रमाण मोठे असलेल्या ग्रामीण भागांत प्रत्येक दुष्काळामागे संसर्गदर ११ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा आकडा मराठवाड्याला जसाच्या तसा लावू नये. इथला ऊसतोड मजूर बहुधा जोडीने जातो. ‘कोयता’ म्हणजे नवराबायको मिळून एक. एकटा पुरुष शहरात राहतो, त्या स्थलांतराचे गणित निराळे.

उपचार : भारतात मोफत एआरटी (एचआयव्हीवरील विषाणूरोधक औषधोपचार) १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, २०१७ पासून सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या) पेशी कितीही असोत, निदान होताच गोळ्या सुरू होतात. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम मात्र दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पाच-सहा महिने चालतो. तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर नेल्या तरी त्या उसाच्या फडातच संपतात. कारखान्याजवळच्या केंद्रातून गोळ्या घेता येतात. पण मजुरांच्या टोळीत आजार उघड होण्याची धास्ती असते आणि खाडा केला तर मजुरी बुडते. खंड पडला की रक्तातील विषाणू वाढतो, जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही वाढतो. गावातले कोणी भेटू नये म्हणून दूरच्या केंद्रात नाव नोंदवणाऱ्यांना पुरात रस्ता तुटल्यावर दुहेरी अडचण येते.

उष्मा : एआरटीतील टेनोफोविरयुक्त गोळ्या साधारणतः ३० अंश सेल्सिअसखाली ठेवायच्या असतात, पत्र्याच्या घरात मे महिन्यात ते शक्य नसते.