शब्दवेध : नॅनो

ग्रीक भाषेत ‘नानोस’ म्हणजे बुटका माणूस. त्यावरून आलेला ‘नॅनो’ १९६० मध्ये अब्जांश भागाचा अधिकृत उपसर्ग झाला, आणि नॅनो-औषधाचं बळ त्याच्या लहानपणात आहे असा समज रुजला. तो तपासायला हवा. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत औषधांचे मूळ घटक बनतात; त्यातल्या बहुतेकांचा रेणू मुळातच एखाद-दोन नॅनोमीटरचा असतो, पण त्याला कुणी नॅनो-औषध म्हणत नाही. अमिकासिन हे जुनं प्रतिजैविक स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरलं की कण रेणूच्या शेकडो पट मोठा होतो. हा ‘बुटका’ औषधापुढे राक्षसच! फुफ्फुसातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्यांच्या आत दडलेल्या, क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपर्यंत औषध पोहोचतं. अमेरिकेत २०१८ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली.

यावर कुणी म्हणेल, चांदीचे नॅनोकण तर स्वतःच जंतू मारतात. खरं आहे, तेवढ्याच चांदीचे कण जितके लहान, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त आणि तितके आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, अधिक सुटतात. पण मारण्याचं काम मुख्यतः ते आयन करतात, आणि चांदीला दाद न देणारे जंतूही आढळले आहेत. म्हणजे इथेही कण हा आयनांचा वाहकच. म्हणून मराठीत ‘अब्जांश औषध’ म्हणण्यापेक्षा मला ‘वाहककण’ अधिक नेमका वाटतो.