वरातीच्या बँडातील जाझ

जळगाव-धुळ्याकडे वरात म्हटली की बँड हवाच. पण त्यातला ट्रंपेट कोणाचा वारसा फुंकतो, हे आम्ही कधी विचारले नाही.

जाझचा जन्म अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचा, तेथील कृष्णवर्णीय समाजातला. 1935 पासून त्यांचे वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या गोवेकरांनी ती विद्या चटकन उचलली. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (1916–1967) त्यांतलेच. पुणतांब्याचे सी. रामचंद्र त्यांना चित्रपटांत घेऊन आले. स्वतः रामचंद्र 'चितळकर' या नावाने गात; 'शहनाई'पासून (1947) तो गळा अशा चालींत मुरला होता. 1951 च्या 'अलबेला'त तर चिक यांचा वाद्यवृंद पडद्यावरच अवतरला. तेथून ती लय गावोगावच्या बँडांत उतरली.

ही उसनवारी म्हणून कोणी नाक मुरडतात. पेटीही युरोपातूनच आली, आणि कीर्तनात बसली! उसने घेण्यात कमीपणा नाही. देणाऱ्याचे नाव विसरण्यात आहे. गायक-संगीतकार आम्हांस आठवतात. त्यांच्यामागे उभा राहून वाजविणारा आठवत नाही. ते ऋण आम्ही निदान नावाने तरी फेडावे.