कल्याणच्या खाडीवरचे फिरंगी कारागीर

ठाणे, कल्याण, डोंबिवली या टापूत दिवाळीचा फराळ आता दोनदा होतो. पहिला घाणा परदेशी धाडायच्या डब्यांसाठी आणि दुसरा घरच्यांसाठी. एखाद्याचा मुलगा दुबईला, कुणाची सून सिंगापूरला, कुणाचा भाचा जर्मनीला. फोनवर ख्यालीखुशालीच्या आधी प्रश्न येतो तो हाच, की 'परवाना वाढवून मिळाला का?' परक्या मुलखात पोट भरायचे तर कुणाची तरी मोहोर कागदावर हवी, हे आता आजीबाईंनाही ठाऊक झाले आहे.

पण साडेतीनशे वर्षांपूर्वी याच खाडीवर गोष्ट उलटी घडली होती. परदेशी कारागीर आपल्याकडे नोकरीला आले होते, आणि त्यांची नोकरी सुटली तीही परवानगीपायीच.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली. डोंगरातले राज्य प्रथमच खाऱ्या पाण्याला लागले. समोर दंडा-राजपुरीचा सिद्दी होता, तेव्हा गलबते हवीत हे उघडच होते. कोळी, भंडारी ही दर्यावर्दी माणसे किनाऱ्यावर होती. होड्या, मचवे बांधणारे सुतारही होते. मात्र तोफा वाहणारे लढाऊ जहाज बांधण्याची विद्या त्या काळी फिरंग्यांची समजली जाई. महाराजांनी ती विद्या जिथे होती तिथून आणली. रुय लैतांव व्हियेगश आणि त्याचा भाऊ फेर्नांव असे दोघे पोर्तुगीज त्यांनी चाकरीस ठेवले. त्यांच्याबरोबरचा लोकांचा मेळा बायकामुले धरून ३४० च्या घरात होता. कामही लहानसहान नव्हते. वल्ह्यांवर चालणारी वीस चपळ लढाऊ गलबते बांधायची होती. पोर्तुगीज कागदांत त्यांना 'सांगिसेल' म्हटले आहे.

ही सारी हकीकत आपल्याला ठाऊक झाली ती गोव्याच्या दप्तरखान्यामुळे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे आयुष्य घालवले आणि १९६७ साली 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती दिला. शत्रूने जपून ठेवलेल्या कागदांतून आपल्या आरमाराचे बारसे वाचावे लागते, ही मौजच म्हणायची.

आता वाचकांनी नकाशा काढावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे डोंबिवलीच्या मोठागावच्या रेतीबंदरावर जाऊन उभे राहावे. उल्हास नदी कल्याणहून इकडे येते, मुंब्र्यापुढे फुटते. एक वाट ठाण्याच्या खाडीने मुंबईकडे जाते, दुसरी घोडबंदरावरून वसईला. त्या वेळी ठाणे पोर्तुगीजांचे, वसई पोर्तुगीजांची आणि मुंबईही त्यांचीच. म्हणजे बंदर महाराजांचे, पण समुद्राचे दोन्ही दरवाजे परक्याच्या हाती! शिवाय परवान्याचा व्यवहार पोर्तुगीजांइतका कुणी मुरवला नव्हता. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून ते अरबी समुद्रातल्या गलबतांना 'कार्ताझ' घ्यायला लावीत. जहाजाचे नाव, तांडेलाचे नाव, माणसे किती, हत्यारे किती, जायचे कुठे, हे सारे त्यात लिहिलेले असे. कागद नसेल तर जहाज जप्त. समुद्र कुणाच्या बापाचा, असे विचारायची सोय नव्हती.

ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याच्या कारभाऱ्यांनी पोर्तुगालच्या राजाला कळवले की, शहाजीच्या मुलाने वसई आणि चौलकडचा प्रदेश घेतला असून भिवंडी, कल्याण, पनवेल या बंदरांत लढाऊ जहाजे बांधली आहेत, ती बाहेर पडू देऊ नयेत अशी ताकीद आपण दिली आहे. सिद्दीवर म्हणून बांधलेली गलबते उद्या आपल्यावर फिरतील, हे त्यांनी अचूक ताडले होते.

पण जहाजे अडवण्यापेक्षा जहाजे बांधणारे हात काढून घेणे स्वस्त पडते. वसईहून व्हियेगशला निरोप गेला, की ही चाकरी सोड. आणि एके दिवशी तो सारा मेळा महाराजांच्या माणसांना सुगावा न लागू देता पोर्तुगीज हद्दीत निघून गेला.

मला या लोकांचा राग येत नाही. धनी काम द्यायला तयार, हातात कसब, पण आपल्याच सरकारची नाराजी. मागे आप्त, घरदार, चर्च सगळे पोर्तुगीज हद्दीत. त्यांनी दुसरे काय करायचे होते? पोरेबाळे घेऊन चोरपावलांनी खाडी ओलांडणाऱ्या त्या बायकांची नावे मात्र कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

पुढे आपल्या लोकांवर याची उलट पाळी आली. १८४२ नंतर मुंबई बंदरातून कोकणातले मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेले. तिथे १८६७ च्या कायद्याने, करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर भटक्या म्हणून पकडत. कल्याणच्या फिरंग्यांना त्यांच्याच सरकारने ओढून नेले, तर मराठी मजुराला तिथल्या सरकारने कागदाला बांधून ठेवले. १९८३ च्या कायद्याने आपल्या सरकारनेही दहावी न झालेल्या कामगाराच्या आखातातल्या प्रवासाला मंजुरीची अट घातली. ती त्याच्या संरक्षणासाठी. हेतू अगदी निराळा, रांग तीच.

कल्याणचे काम काही थांबले नाही. १६६४ साली मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, आणि १६६५ मध्ये महाराज स्वतः आरमार घेऊन बसरूरवर गेले. व्हियेगशच्या हाताखाली आपल्या सुतारांनी किती शिकून घेतले, याचा कागद नाही. पण गुरू पळाला तरी शाळा चालू राहिली, एवढे खरे. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई, तेव्हा खाडीचे ते दोन्ही दरवाजे उघडले. तोवर कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे येऊन गेला होता आणि परक्या जहाजांना तो स्वतःचे दस्तक घ्यायला लावीत असे.