पाद्र्यांच्या वह्या आणि मूत्रपिंडाची गाळणी

मूत्रपिंडाच्या गाळणीचे कोडे सुटले त्याचे श्रेय सूक्ष्मदर्शकाइतकेच फिनलंडच्या पाद्र्यांनाही द्यावे लागेल. तिथे काही बाळे जन्मल्यापासूनच लघवीवाटे प्रथिने गमावत, अंगावर सूज चढे आणि ती दगावत. १९५६ साली नीलो हालमन व सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले. आठ-दहा हजार जन्मांमागे एक बाळ, असे त्याचे तिथले प्रमाण. देश स्वीडिश अमलाखाली असताना १६८६ च्या चर्च-कायद्याने पाद्र्यांना जन्म, लग्न, मृत्यू टिपून ठेवणे भाग पाडले होते. त्या नोंदींतून रेइयो नोरियो यांनी ५७ कुटुंबांच्या वंशावळी जुळवल्या आणि १९६६ मध्ये दाखवून दिले की सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आले तरच आजार होतो. वस्ती विरळ, सोयरिक पंचक्रोशीतली. मोजक्या पूर्वजांतला दोष घरोघर पोचला होता. १९९८ मध्ये कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने ते जनुक हुडकले. त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे नेफ्रिन.

दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळणाऱ्या केशवाहिन्यांना पोडोसाइट नावाच्या पेशी आपल्या पायांनी वेढून असतात. शेजारच्या पायांमधली फट नेफ्रिन विणते; ते नसेल तर वीण नाहीशी होते आणि पाय पसरून सपाट होतात. पाय असे सपाट झालेले १९५७ मध्येच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते, पण तो प्रथिनगळतीचा परिणाम असावा, ही शंका रास्तच होती. तिला उत्तर मिळाले पेशीच्या आतून. पायांना आकार देणाऱ्या अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना बांधणारे अल्फा-अ‍ॅक्टिनिन-४ गाळलेल्या द्रवाच्या वाटेत येतच नाही. तरी २००० मध्ये त्याच्या जनुकातला बदल वंशागत मूत्रपिंडविकाराशी जोडला गेला आणि पुढे ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही गळती झाली. म्हणजे आधी सांगाडा ढळतो, मग गाळणी.

खरी गाळणी पेशींखालचा पडदाच, असे म्हणणाऱ्यांकडेही पुरावा आहे: त्या पडद्यातले एक लॅमिनिन नसले तरी प्रथिने गळतात. पण फिनलंडमध्येच याला छेद देणारी गोष्ट घडली. या आजाराच्या काही मुलांत दात्याच्या निरोगी मूत्रपिंडातूनही पुन्हा गळती सुरू झाली. पडदा दात्याचा, धडधाकट. मात्र त्यांतल्या कित्येकांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. जन्मभर न भेटलेले ते प्रथिन शरीराला परके वाटले होते.