दोघांनाही वारा

काही मोटारसायकलींचे दोन सिलिंडर डाव्या-उजव्या अंगाला बाहेर आलेले असतात. त्यांत मला एका हरलेल्या देशाची गोष्ट दिसते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानाची इंजिने बनविण्यास बंदी आली. म्युनिकच्या बी.एम.डब्ल्यू. कारखान्याने मग दुचाकीची इंजिने केली. ‘हेलिओस’ गाडीत ते इंजिन लांबीत बसवले होते. पुढच्या सिलिंडरला वारा मिळे, मागचा मात्र तापून जाई. विमानांच्या इंजिनांवर हात बसलेल्या माक्स फ्रिट्झ यांनी १९२३ च्या ‘आर ३२’ गाडीत इंजिन आडवे बसवले. पंगतीत मागे राहिलेल्याला शेजारी पान मांडावे, तसे झाले! पुढे तेल-पाण्याची जोड मिळाली. तरी शंभर वर्षांनंतरही दोघे भाऊ वाऱ्यातच आहेत.