गाडीची क्रीम कलरची लेदर सीट खराब झालीय? हळद, जीन्सचा निळा रंग आणि तेलाचे डाग कसे काढायचे



मी सहसा मोबाइल आणि ॲप्सबद्दल लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण यातलं अर्धं ज्ञान तुमच्या फोनलाही लागू पडतं.

राहुरी तालुक्यात आमच्या घरी ताईचं लग्न होतं. मामांनी त्यांची गाडी आठ दिवसांसाठी माझ्या ताब्यात दिली. कांद्याचे पैसे साठवून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली गाडी. आतून पूर्ण क्रीम कलर. मामा एवढंच म्हणाले, "जपून वापर रे." हळदीच्या दिवशी सगळ्या करवल्या मागच्या सीटवर बसल्या आणि सीटवर पिवळे पंजे उमटले. ड्रायव्हर सीट माझ्या नव्या जीन्समुळे निळसर झाली होती, ती वेगळीच.

मी घाईघाईत कपड्यांच्या साबणाची वडी ओल्या फडक्याला लावून डाग घासला. पिवळा डाग क्षणात लालभडक झाला. पोटात गोळाच आला. मी इंजिनिअर माणूस, आणि आधी वाचायचं सोडून थेट प्रॉडक्शनवर प्रयोग केला होता! त्यानंतर शांत डोक्याने जे शिकलो आणि केलं, ते या लेखात सांगतोय.

आधी समजून घ्या: सीट नेमकी कशाची आहे?

आपल्याकडे "लेदर सीट" म्हणून जे असतं, ते तीन प्रकारचं असू शकतं.

१. कोटिंग असलेलं खरं लेदर: गाड्यांमध्ये खरं लेदर असलं तर बहुतेक वेळा हेच असतं. चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक पॉलियुरेथेनचा टॉपकोट असतो.
२. लेदरेट: कापडाच्या अस्तरावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो, त्याच घराण्यातलं. मधल्या बजेटच्या बऱ्याच गाड्यांत आणि बाहेरून बसवलेल्या कव्हर्समध्ये हेच मिळतं.
३. कोटिंग नसलेलं लेदर किंवा स्वेडसारखं मऊ कापड: हे कमी दिसतं, पण सगळ्यात नाजूक असतं.

ओळखायचं कसं? गाडीचं ब्रोशर बघा. मग सीटच्या न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर कोटिंग आहे. आत मुरून जागा गडद झाली तर कोटिंग नाही. अशा सीटवर घरगुती प्रयोग करू नका, सरळ जाणकाराकडे न्या.

टॉपकोट म्हणजे सीटचा स्क्रीन गार्डच समजा. फोनच्या काचेवर बोटांचे तेलकट ठसे टिकू नयेत म्हणून पातळ कोटिंग असतं. ते घासून गेलं की काच लगेच कळकट दिसायला लागते. सीटचंही तसंच आहे. आपल्याला डाग काढायचाय, टॉपकोट नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

हळद लाल का झाली?

हळदीतला पिवळा रंग कर्क्युमिनचा असतो. आम्लात आणि साध्या पाण्यात तो पिवळा राहतो, अल्कलीत म्हणजे क्षारात लालसर होतो. हळदीत चुना मिसळून पारंपरिक कुंकू करतात, ते याच गुणामुळे. कपड्यांचा साबण क्षारधर्मी असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो. म्हणजे मी मामांच्या सीटवर कुंकूच तयार केलं होतं!

घाबरायचं काम नव्हतं. स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने चार-पाच वेळा पुसून साबण काढला आणि डाग पुन्हा पिवळा झाला.

लेदरच्या दृष्टीनेही साबण वाईटच. कमावलेलं चामडं थोडं आम्लधर्मी असतं. पीएचचं माप एकेक पायरीला दहापट वाढतं. त्यामुळे ७ पीएचच्या पाण्यापेक्षा १० पीएचचा साबण हजारपट क्षारधर्मी ठरतो. टॉपकोट शाबूत असेल तर एकदा लावल्याने लगेच काही होत नाही. पण शिलाई आणि बारीक भेगांमधून तो आत जात राहिला, तर चामडं हळूहळू कडक होतं.

लागणारं सामान

- मऊ ब्रशचं तोंड असलेला व्हॅक्यूम क्लिनर
- मऊ केसांचा ब्रश (शिलाईसाठी जुना मऊ टूथब्रश चालेल)
- ४-५ मायक्रोफायबर कापडं, शक्यतो पांढरी, म्हणजे निघालेला रंग दिसतो
- सौम्य, न्यूट्रल पीएचचा लेदर क्लिनर. तो नसेल तर अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब
- फोन. टॉर्च आणि कॅमेरा, दोन्ही लागतील

साफ करायच्या पायऱ्या

१. आधी धूळ काढा. आपल्या नगर जिल्ह्यात काळी माती आणि उसाच्या वाहतुकीची धूळ गाडीत येतेच. धूळ न काढता सीट ओली करून घासली, तर ती पॉलिश पेपरसारखी काम करते. शिलाईच्या फटीत ब्रश फिरवत व्हॅक्यूम करा.

२. फोटो काढा. फोनची टॉर्च सीटला जवळपास समांतर धरा. तिरप्या उजेडात ओरखडे, भेगा आणि उडालेला रंग स्पष्ट दिसतो. जिथे टॉपकोट गेलाय तिथे घासायचं नाही, हे इथेच ठरवा.

३. लपलेल्या जागी टेस्ट घ्या. सीटच्या मागे खालच्या बाजूला क्लिनर लावा, पुसा, वाळू द्या. पांढऱ्या कापडावर सीटचाच रंग आला तर तिथेच थांबा.

४. फेस वापरा, पाणी नाही. क्लिनर ब्रशवर घ्या, सीटवर थेट फवारू नका. भोकं असलेल्या सीटला तर मुळीच नाही, कारण पाणी आतल्या फोमपर्यंत जातं. व्हेंटिलेटेड सीटमध्ये खाली पंखेही असतात.

५. एका वेळी वीतभर जागा घ्या. हलक्या हाताने गोल ब्रश फिरवा. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलकट मळाला धरतं, दुसरं पाण्याला. पण निघालेला मळ लगेच टिपला नाही तर तो तिथेच वाळतो. म्हणून फेस वाळायच्या आत कापडाने पुसा.

६. ओलसर कापडाने पुन्हा पुसा, मग कोरड्याने. दारं उघडी ठेवून सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको.

काळपट झालेलं स्टिअरिंग, आर्मरेस्ट आणि ड्रायव्हर सीटची कड या तीन जागा दोन-तीनदा कराव्या लागतात. तिथला काळेपणा बहुतेक वेळा घाम, त्वचेचं तेल आणि धूळ यांचा थर असतो. क्रीम कलर उडालाय असं वाटतं, पण तो खाली शाबूत असतो.

कोणत्या डागाला काय करायचं?

हळद: वरचं सगळं कोरडं पुसून घ्या, मग सौम्य क्लिनर. राहिलेल्या पिवळेपणावर उजेड काम करतो. कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतं आणि त्यात हळूहळू तुटतं. म्हणूनच हळदीचे कपडे उन्हात वाळवले की डाग फिका पडतो. मी गाडी तीन दिवस सकाळच्या उन्हात उभी केली, दुपारी सावलीत. सतत कडक उन्हात ठेवू नका, लेदर कोरडं पडतं. पीव्हीसीच्या सीटमध्ये हळद आत मुरते, तिथे डाग पूर्ण जाईलच असं नाही.

जीन्सचा निळा रंग: डेनिमचा नीळ रंग पाण्यात विरघळत नाही आणि धाग्याच्या बाहेरच्या कडेलाच बसलेला असतो. त्यामुळे घासला की सुटतो, घाम आणि उष्णतेने आणखी. ताजा डाग क्लिनरने निघतो. जुना असेल तर रंग काढण्यासाठी मिळणारा खास लेदर क्लिनर वापरा. महिनोन्महिने मुरलेला रंग टॉपकोटमध्ये शिरतो, तो घासून निघत नाही.

तेल: शिंगणापूरला जाऊन आल्यावर हाताचं तेल सीटला लागणं आपल्याकडे नवीन नाही. आधी टिपून घ्या, चोळू नका. मग फेस. कोटिंग नसलेल्या लेदरवर तेल मुरलं असेल तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम करा.

चहा, उसाचा रस, चॉकलेट: चहा आणि रस लगेच टिपा. चॉकलेट घट्ट होऊ द्या, प्लॅस्टिकच्या कार्डाने हळूच उचला, मग क्लिनर.

बॉलपेन: घरी जास्त प्रयोग नको. शाई काढणारं बहुतेक द्रव टॉपकोटही काढतं.

बुरशी: अकोले भागात पावसाळ्यात बंद उभ्या गाडीत हमखास येते. गाडी उघड्यावर आणा, मास्क लावून व्हॅक्यूम करा, पुसा आणि पूर्ण वाळवा. ओल कुठून येतेय ते शोधा, नाहीतर बुरशी परत येईल.

हे व्हिडिओ बघून करू नका

- टूथपेस्ट आणि मॅजिक स्पंज: दोन्ही बारीक पॉलिश पेपर आहेत. डागासोबत टॉपकोट जातो.
- खाण्याचा सोडा: क्षारधर्मी आणि खरखरीत. हळदीला तर पुन्हा लाल करतो.
- थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर: पहिले दोन कोटिंग विरघळवतात. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल वारंवार लागलं तर कोटिंग निस्तेज होतं.
- खोबरेल तेल: कोटिंगमधून आत जात नाही. वर चिकटून धूळ पकडतं.
- चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश: सीट घसरडी होते. स्टिअरिंगवर लावणं तर धोक्याचं.

सीटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं, विसरू नका

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या कारना ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटसाठी सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा बंधनकारक आहे. शेजारची सीट भरलेली आहे की नाही हे कळण्यासाठी गादीत सहसा सेन्सर असतो. काही गाड्यांत सीटच्या कडेला साइड एअरबॅगही असते. म्हणून सीट पाण्याने भिजवू नका. सीटखालचे पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. साइड एअरबॅग असलेल्या सीटवर तिच्यासाठी न बनवलेलं घट्ट कव्हर चढवलं, तर एअरबॅग उघडायला अडथळा येऊ शकतो.

रंगच उडाला असेल तर?

तेव्हा साफसफाई संपते आणि दुरुस्ती सुरू होते. क्रम असा असतो: पूर्ण साफ करणं, तेलकटपणा काढणं, बारीक पॉलिश पेपरने कड सपाट करणं, भेगांत लवचीक फिलर भरणं, लेदरचा रंग पातळ थरांत देणं आणि शेवटी टॉपकोट. फाटलेला किंवा खोल तडकलेला भाग बदलून घेणंच बरं.

एक महत्त्वाची गोष्ट. रंग जुळवण्यासाठी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवू नका. फोन प्रत्येक फोटोचा व्हाइट बॅलन्स आपोआप बदलतो. तोच क्रीम कलर सकाळी पिवळट आणि ट्यूबलाइटखाली निळसर दिसतो. हेडरेस्ट काढून सोबत घेऊन जा, ते सगळ्यात सोपं.

पुढे काय काळजी घ्यायची?

आठवड्याला व्हॅक्यूम, दोन-तीन महिन्यांनी सौम्य क्लिनर. साफ केल्यावर लेदर प्रोटेक्टंटचा पातळ थर द्या, जीन्सचा रंग मग सीटऐवजी त्या थरावर बसतो. नवी जीन्स दोन-तीनदा धुतल्याशिवाय घालून बसू नका. फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, नाहीतर आपण विसरतोच.

गाडी नाही? फोनच्या व्हीगन लेदर बॅकला किंवा कव्हरलाही हीच पद्धत चालते. फक्त कव्हर आधी काढा आणि चार्जिंग पोर्टजवळ ओलं कापड नेऊ नका.

मामांच्या गाडीचं काय झालं? निळा रंग पूर्ण गेला. हळदीचा एक अगदी फिकट ठसा राहिला, तिरप्या टॉर्चमध्येच दिसेल इतका. गाडी परत देताना मी तो स्वतःहून दाखवला आणि साबणाचा किस्साही सांगितला. मामांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे रे तेवढा. भाचीची हळद आहे ती."

तरी पुढच्या लग्नाला मी मागच्या सीटवर जुनी चादर आधीच अंथरणार आहे. तुम्हीही अंथरा.